शुश्रूषा आणि नोंदवही

आजाऱ्याच्या सेवेला आपण मराठीत शुश्रूषा म्हणतो. हा शब्द संस्कृतातून आला आहे आणि त्याचा पहिला अर्थ सेवा असा नाही. 'श्रु' म्हणजे ऐकणे. त्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून शुश्रूषा हे नाम सिद्ध होते. ऐकण्याची इच्छा, हा त्याचा मूळ अर्थ. गुरूचे ऐकण्यास जो उत्सुक असे तो गुरूची सेवाही करी. त्यातून शब्दाला सेवेचा अर्थ आला आणि पुढे तो आजाऱ्याच्या उशाशी स्थिरावला. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांच्या नोंदणीसाठी १९४९ साली जो कायदा झाला, त्याच्या मराठी नावात शुश्रूषागृह हाच शब्द आहे. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात यासाठी १९७३ चा कायदा आहे आणि त्याने उपचर्यागृह हा शब्द योजला आहे. उपचर्या म्हणजे जवळ जाणे, जवळ जाऊन सेवा करणे. पांढुर्णा किंवा सौंसर येथला मराठी माणूस आजारी पडला की कायद्याच्या भाषेत उपचर्यागृहात भरती होतो, आणि प्रकृती बिघडून नागपूरला नेला की शुश्रूषागृहात. तो स्वतः मात्र दोन्हीला नर्सिंग होमच म्हणतो.

हे दोन्ही कायदे नोंदणीचे आहेत. त्यांनी घराची नोंदणी होते. परंतु त्या घरात जे घडते त्याची नोंद कोणी ठेवावी, कोणासाठी ठेवावी, आणि ती न ठेवणे ही केवळ कारकुनी ढिलाई समजावी की नैतिक दोष, असा प्रश्न आम्हांला येथे विचारावयाचा आहे. आमचा रोख दोन गोष्टींच्या नोंदीकडे आहे. एक, रुग्णालयात आल्यानंतर रुग्णाला जडलेले जंतुसंसर्ग. आणि दुसरी, तेथे वापरली गेलेली प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण सारेच बोलताना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे. साहित्याच्या पत्रिकेत हा विषय काहीसा परका वाटेल. पण एका माणसाचे दुसऱ्यावर, आणि डोळ्यांसमोरच्या माणसाचे डोळ्यांआडच्या माणसावर काय ऋण असते, हा प्रश्न कोणत्याही साहित्याला परका नाही.

नर्सिंग होम या शब्दाचे दोन अर्थ प्रथम वेगळे केले पाहिजेत. पाश्चात्त्य देशांत नर्सिंग होम म्हणजे वृद्ध आणि परावलंबी माणसांची कायमच्या निवासाची जागा. आपल्याकडे ते दहा-वीस खाटांचे खाजगी रुग्णालय असते. तेथे बाळंतपणे होतात, अपेंडिक्स आणि हर्नियाच्या शस्त्रक्रिया होतात, तापाने फणफणलेल्यांना सलाईन लावले जाते. संसर्ग आणि प्रतिजैविके पद्धतशीरपणे मोजण्याचा अनुभव पहिल्या प्रकारच्या घरांतून पुष्कळ मिळाला आहे. अमेरिकेत शासकीय आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमना नोव्हेंबर २०१७ पासून प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख ठेवणारी व्यवस्था बंधनकारक झाली. वर्षभरात तेथील रहिवाशांपैकी शेकडा सत्तरांपर्यंत लोकांना एकदा तरी प्रतिजैविक दिले जाते आणि त्यातला मोठा भाग अनावश्यक किंवा अयोग्य असतो, असे तेथील रोग नियंत्रण केंद्र सांगते. असे का होते, हे एका उदाहरणावरून कळेल. वयोवृद्ध माणसाच्या लघवीत जंतू सापडणे ही साधी गोष्ट आहे. पुष्कळदा त्यांचा त्याला काही त्रास नसतो. पण आजोबा आज नीट बोलत नाहीत, एवढ्यावरून लघवी तपासली जाते, जंतू दिसतात आणि औषध सुरू होते. आजोबा कदाचित केवळ पाणी कमी प्याल्यामुळे मलूल झालेले असतात.

आपल्याकडे आजोबा बहुधा घरीच असतात. पडले, हाड मोडले, लघवी अडली की ते याच दहा-वीस खाटांच्या घरात येतात. तेथे त्यांना लघवीची नळी बसते आणि ती जितके दिवस राहील तितकी संसर्गाची शक्यता वाढत जाते. म्हणून शब्दाचे अर्थ दोन असले तरी प्रश्न एकच आहे.

मोजण्याची रीत अवघड नाही. समजा, एका नर्सिंग होममध्ये महिन्याभरात शंभर माणसे भरती झाली आणि सरासरी चार दिवस राहिली. हे चारशे रुग्णदिवस झाले. त्यांपैकी सत्तर जणांना चारही दिवस प्रतिजैविक दिले, आणि त्या सत्तरांतल्या तिसांना एकाच वेळी दोन. दोन औषधांचा एक दिवस हा दोन दिवस धरावयाचा असतो. हिशेब केला की चारशे रुग्णदिवसांत चारशे प्रतिजैविक-दिवस येतात. दर हजारी हजार. आकडा काल्पनिक आहे, पण असा आकडा समोर आला की तो बोलू लागतो. पुढच्या महिन्यात तो वाढला की घटला? शेजारच्या तशाच घरात किती आहे? कोणते औषध सर्वांत जास्त गेले? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत: नेहमी वापरावयाची, जपून वापरावयाची आणि राखीव ठेवावयाची. २०३० पर्यंत माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान शेकडा सत्तर पहिल्या गटातली असावीत, असे लक्ष्य संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सप्टेंबर २०२४ मध्ये ठरले. ते गाठले की नाही हे पांढुर्ण्यातल्या घराला कळावयाचे असेल, तर त्याने निदान एका वहीत तीन रकाने आखले पाहिजेत.

संसर्गाची मोजणी याहून थोडी कठीण आहे, आणि तिच्यातच शुश्रूषेचा मूळ अर्थ आम्हांला पुन्हा भेटतो. शस्त्रक्रियेच्या जागी होणारा संसर्ग साधारणतः तीस दिवसांपर्यंत त्या शस्त्रक्रियेचा मानला जातो. सिझेरियन झालेली बाई पाच-सहा दिवसांत घरी जाते. बाराव्या दिवशी टाके पिकतात. ती माहेरी असते. जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात जाते, तिथे जखम धुतली जाते, नवे प्रतिजैविक सुरू होते. पहिल्या घराच्या वहीत ती 'बरी होऊन गेली' अशीच राहते. तेथला शल्यचिकित्सक प्रामाणिकपणे सांगेल की आमच्याकडे टाके पिकत नाहीत. त्याने पाहिलेच नाही, कारण त्याने विचारलेच नाही. महिन्याने एक फोन करून 'ताई, जखम कशी आहे?' एवढे विचारणे आणि उत्तर लिहून ठेवणे, याचे नाव संसर्ग-सर्वेक्षण. ऐकण्याची इच्छा याहून वेगळी काय असते?

येथे कोणी म्हणेल की चांगली वैद्यकी आणि चांगली कारकुनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचा हात सफाईदार आणि मन सदय, त्या डॉक्टरला वहीची गरज काय? इतर पुष्कळ औषधांच्या बाबतीत हा आक्षेप कदाचित टिकला असता. रक्तदाबाची गोळी एकाने घेतली तर ती त्याच्या शरीरात सुरू होते आणि तेथेच संपते. शेजाऱ्याची गोळी त्यामुळे निकामी होत नाही. प्रतिजैविकाचे तसे नाही. ते ज्या शरीरात जाते तेथल्या दुर्बल जंतूंना मारते आणि चिवटांना जागा मोकळी करून देते. हे चिवट जंतू मग हातांवरून, खाटेच्या दांडीवरून, शौचालयातून, पाण्यातून दुसऱ्याकडे जातात. घेणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी औषधे फार थोडी आहेत. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानात एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत घेऊन अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, पण औषधाला सरावतात. त्याच्यापासून त्याच्या पत्नीला संसर्ग होतो, आता पेनिसिलीनचा उपयोग होत नाही आणि ती मरण पावते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असे फ्लेमिंगने विचारले होते. औषध जगाच्या हाती येते न येते तोच त्याच्या जनकाने हा प्रश्न विचारावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हा न्याय निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. त्याने तो कपाशीत पाहिला आहे. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, २००६ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. बियाण्याच्या पिशवीबरोबर साध्या, बिगर-बीटी बियाण्याचे छोटे पाकीट मिळे. ते शेताच्या कडेने लावावे, त्यावर बोंडअळीचे काही पतंग औषधाला न सरावता जगावेत, आणि त्यांच्या संकरामुळे अळीची प्रतिकारशक्ती वाढू नये, अशी योजना होती. ते पाकीट बहुतेकांनी बांधावर ठेवले. प्रत्येकाला वाटले, माझ्या दोन ओळींनी काय होणार? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली तेव्हा काय झाले ते सर्वांनीच पाहिले. संत्र्याच्या बागेतही हेच आहे. खैऱ्या रोगावर फवारल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोसायक्लीनमध्ये स्ट्रेप्टोमायसीन असते, आणि स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक. बाग आणि वॉर्ड यांच्यामध्ये आपण समजतो तेवढी उंच भिंत नाही. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, या समजुतीने गावाची गायराने गेली. त्याच समजुतीने ही औषधेही जाऊ शकतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट ओढवलेले मृत्यू जगात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले सुमारे तीन लाख भारतातले.

डॉक्टरसमोर खाटेवर एक रुग्ण असतो. त्याला नाव आहे, चेहरा आहे, नातेवाईक आहेत. दुसरा रुग्ण अजून आलेला नाही. तो कदाचित तीन वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच गावी आजारी पडेल. पहिल्याला प्रतिजैविक दिल्याने थोडा लाभ होण्याची शक्यता आहे, आणि दुसऱ्याची हानी होण्याची. आपली सगळी नीती डोळ्यांसमोरच्या माणसाभोवती घडली आहे. दारी आलेला, समोर बसलेला, हात पुढे केलेला माणूस आपल्याला कळतो. जो आलेलाच नाही त्याची करुणा कशी यावी? आमच्या मते नोंदवहीचे नैतिक महत्त्व येथे आहे. अनुपस्थित माणूस वॉर्डमध्ये उपस्थित होऊ शकेल असे तीच एक स्थान आहे. दर महिन्याचा आकडा पाहताना डॉक्टर त्या न आलेल्या रुग्णाचे ऐकत असतो. वही नसेल तर त्या रुग्णाला बोलण्यास तोंड नाही.

या विचाराला एक मोठा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. कापूस वेचणारी बाई तापाने फणफणून येते. तिला 'दोन दिवस वाट पाहू, मग औषध ठरवू' असे सांगणे सोपे आहे. पण ते दोन दिवस म्हणजे तिची दोन दिवसांची मजुरी आणि पुन्हा येण्याजाण्याचे बसभाडे. ती 'सुई लावून द्या, पॉवरवाली गोळी द्या' म्हणते, त्यामागे तिचा अडाणीपणा नसून हिशेब असतो. डॉक्टरलाही भीती असते. जंतूंची तपासणी करावयाची तर नमुना मोठ्या गावी पाठवावा लागतो, उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात रुग्ण दगावला तर दारात जमाव उभा राहतो. ज्या घराला निचरा नाही, नळाला भरवशाचे पाणी नाही, रात्रपाळीला पुरेशा परिचारिका नाहीत, तेथे प्रतिजैविक या सर्व अभावांवर घातलेले पांघरूण असते. अशा स्थितीत संयमाचा उपदेश करणे म्हणजे भविष्यातल्या श्रीमंतासाठी आजच्या गरिबाला उपाशी ठेवणे नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर विदर्भातच मिळते असे आम्हांला वाटते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालकांच्या न्यूमोनियावर खेडोपाडी उपचार सुरू केले तेव्हा प्रतिजैविक डॉक्टरच्या हातून काढून गावातल्या आरोग्यसेवकांच्या आणि दायांच्या हाती दिले. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधन तयार झाले: मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि दहा-दहा श्वासांमागे एक सरकवावयाचा मणी. मण्यांनी श्वास मोजावे, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त भरले तर औषध द्यावे, नाहीतर देऊ नये. या प्रयोगाने बालमृत्यू घटले, हे १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने तर शासकीय कागदांत न उमटलेले बालमृत्यू महाराष्ट्रापुढे मांडले. या सर्व कामात आम्हांला एकच सूत्र दिसते. आधी मोजणे, मग देणे. गडचिरोलीत मोजणीने औषध रोखले नाही. ज्याला ते हवे होते त्याच्यापर्यंत पोहोचवले. म्हणजे नोंद ही कंजुषीची दासी नाही. एखाद्या वस्तीतल्या मुलांना साधे, स्वस्त प्रतिजैविक वेळेवर मिळत नाही हेही नोंदीवरूनच कळते, आणि शेजारच्या वॉर्डात राखीव औषध पाण्यासारखे वाहते आहे हेही नोंदीवरूनच. ज्या दिवशीच्या शस्त्रक्रियांचे टाके एकापाठोपाठ पिकले त्या दिवशी उपकरणे उकळणारे यंत्र बिघडले होते, हे वहीतल्या तारखा सांगतील. ते यंत्र दुरुस्त झाले की पुढच्या महिन्यात तेवढी प्रतिजैविके लागणार नाहीत. संयमाचे ओझे मग कापूस वेचणाऱ्या बाईवर पडत नाही, ते व्यवस्थेवर पडते. आणि पडावयास हवे तेथेच पडते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो स्वार्थाचा आहे. जो प्रामाणिकपणे मोजेल त्याचा आकडा वाईट दिसेल. जो मोजणार नाही त्याची वही कोरी आणि कीर्ती शुभ्र. पांढुर्ण्यातले एक घर आपले टाके किती पिकतात हे लिहू लागले आणि समोरचे घर काहीच लिहीत नसेल, तर गावकरी कोठे जातील? १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात बाळंतिणींचा मृत्यू शेकडा अकराच्या घरात, दुसऱ्यात शेकडा तीनच्या आत. इग्नाझ सेमेलवाइसने हे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि पुढच्या वर्षी कारण शोधून काढले: पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केल्यावर मृत्यू झपाट्याने उतरले. पण त्याचा निष्कर्ष सहकाऱ्यांना दोषारोपासारखा वाटला. १८४९ मध्ये त्याची मुदत वाढवली गेली नाही. आपल्या देशानेही असा एक क्षण अनुभवला आहे. प्रभावी प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंतल्या एका विकराच्या नावात नवी दिल्लीचे नाव आले आणि २०१० मध्ये त्यावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा येथे चर्चा झाली ती प्रामुख्याने राष्ट्राच्या अपमानाची आणि वैद्यकीय पर्यटनाच्या बदनामीची. शहराचे नाव देणे अनुचित होते हा आक्षेप रास्त असेल. पण जंतू खरा होता. आकड्याने आपली लाज जाते अशी समजूत असली की माणसे आकडाच लपवतात.

यावर उपाय म्हणून शिक्षेचा बडगा सुचवला जातो. आम्हांला त्याची भीती वाटते. मराठीत आपण मुलावर लक्ष ठेवतो आणि चोरावरही लक्ष ठेवतो. शब्द एकच, पण त्यातला भाव अगदी निराळा. ज्या नोंदीचा पहिला वाचक निरीक्षक असतो ती नोंद निरीक्षकाला आवडेल अशीच लिहिली जाते. त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मार्च २०१४ पासून औषध नियमांत 'शेड्यूल एच-१' लागू आहे. त्यातल्या ४६ औषधांत अनेक महत्त्वाची प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे आहेत. विक्रेत्याने त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवावी, चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहावे, वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. पण त्या वहीचा उपयोग तपासणीपुरताच राहिला, तर तिच्यातून गावाला स्वतःविषयी काय कळले? तीन वर्षांचे हे पाने भरभरून लिहिलेले गावाचे आत्मचरित्र मेडिकलच्या फळीवर न वाचलेलेच राहते.

मध्य प्रदेशाने जुलै २०१९ मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध राज्याचा कृती-आराखडा जाहीर केला. केरळनंतर असे करणारे ते देशातले दुसरे राज्य होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे प्रतिरोधाची पाहणी करणारे जाळे २०१३ पासून काम करीत आहे. पण त्याची माहिती मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतून येते. दहा-वीस खाटांच्या घरांतून काय घडते ते या जाळ्याच्या डोळ्यांतून निसटते. सीमेवरच्या गावांत तर निसटण्याला आणखी एक वाट आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. राजधानी दुरावली, पण आजारी माणसाची वाट बदलली नाही. तो आजही रेल्वेने किंवा छिंदवाडा मार्गाने नागपूरच गाठतो. त्याच्याबरोबर त्याच्या शरीरातले जंतूही सीमा ओलांडतात. ओलांडत नाही ती नोंद. चिठ्ठी इंग्रजीत, सरकारी कागद हिंदीत, रुग्ण मराठीत. 'आधी कोणते औषध दिले होते?' या नागपूरच्या डॉक्टरच्या प्रश्नाला 'पांढरी गोळी अन् दोन सुया' एवढेच उत्तर मिळते. मग सर्वांत जबर औषधापासून सुरुवात होते.

नोंदी जुळवल्या नाहीत तर काय होते, हे छिंदवाडा जिल्ह्याने २०२५ मध्ये फार मोठी किंमत देऊन पाहिले. परासिया भागात सर्दी-खोकल्याने आजारी पडलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. अनेकांना नागपूरला हलवले गेले. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या खाटांवरची ही मुले एका यादीत आली आणि त्यांनी काय काय घेतले होते हे विचारले गेले, तेव्हा खोकल्याच्या औषधाची बाटली दिसली. त्या 'कोल्ड्रिफ' सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले आणि ४ ऑक्टोबर रोजी राज्याने त्यावर बंदी घातली. तोवर आणि त्यानंतर मिळून वीसहून अधिक मुले गेली. तो प्रश्न प्रतिजैविकांचा नव्हता, भेसळीचा होता. त्याचे गुन्हेगार वेगळे आहेत. पण एकेकट्या खाटेवरून दुःख दिसते, कारण दिसत नाही. कारण दिसण्यासाठी खाटा शेजारी शेजारी मांडाव्या लागतात, हे त्याने दाखवले. जंतूंचा प्रतिरोध तर विषाहून संथ आहे. तो वर्षानुवर्षे, एकेक खाट करीत येतो. त्याच्यासाठी कोणी धावत येऊन यादी करणार नाही.

आपल्याला मोजता येत नाही असे मात्र नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. त्या दिवशी रुग्णवाहिका सज्ज असतात, मलमपट्टीची केंद्रे उघडतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत जखमींचा शेकड्यांतला आकडा छापून येतो. दगडाची जखम आपण मोजतो, कारण ती सर्वांसमोर होते आणि मारणारा हात दिसतो. त्याच जखमीचा टाका चार दिवसांनी पिकला, तर तो कोणत्या आकड्यात जातो? येथे मारणारा हात दिसत नाही. कदाचित तो हात धुतलेला नव्हता एवढेच त्याचे पाप. दिसणारी इजा मोजावयाची आणि न दिसणारी सोडून द्यावयाची, ही आपल्या नीतीची जुनी सवय आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्याचा तालुका. नव्या जिल्ह्यात नव्या वह्या उघडतात. आमचे म्हणणे फार मोठे नाही. या दोन गावांतल्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवावे की भरती झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर प्रतिजैविकापुढे दोन गोष्टी लिहिल्या जातील: ते कशासाठी सुरू केले, आणि ते बंद करावयाचे की चालू ठेवावयाचे याचा विचार कोणत्या दिवशी होईल. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला तीस दिवसांच्या आत एक फोन व्हावा. महिन्याचे आकडे एकत्र करताना घरांची नावे झाकावीत, म्हणजे प्रामाणिकपणाचा दंड कोणा एकाला भरावा लागणार नाही. आणि ते आकडे प्रथम ज्यांनी लिहिले त्यांनीच, परिचारिकांसह, वाचावेत. नागपूरला पाठवताना रुग्णाच्या हाती दिलेल्या औषधांची नावे आणि तारखा लिहिलेला एक कागद द्यावा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, परवानगी लागत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनीही 'कोणते इंजेक्शन दिले?' एवढे विचारून ते लिहून घ्यावे. या प्रश्नाने डॉक्टरचा अपमान होत नाही.

यातले काही झाले तरी आजच्या रुग्णाला फारसा फरक जाणवणार नाही. तो बरा होऊन घरी जाईल, तसा एरवीही गेला असता. फरक पडेल तो कोणा दुसऱ्याला, ज्याचे नाव डॉक्टरला ठाऊक नाही आणि ज्याला डॉक्टरचे नाव कधी कळणार नाही. त्याच्याकडून आभार मिळणार नाहीत, फी मिळणार नाही, शापही मिळणार नाही. अशा माणसासाठी दिवसाच्या अखेरीस दमलेल्या हाताने दोन ओळी लिहाव्यात की नाही, एवढाच हा प्रश्न आहे. आम्हांला वाटते, लिहाव्यात.